बारकीचा ओव्याचा दाणा

मुंगी बघितलीस ना? हो, तीच. लाल, चिमुकली, सदा घाईत.

ही मुंगी तर त्याहून चिमुकली. म्हणून तिचं नावच बारकी.

बारकी राहायची शेवंताकाकूंच्या स्वयंपाकघरात. ओट्यामागच्या भिंतीला एक फट होती. ते बारकीचं घर. दार केवढं? मोहरीएवढं!

घरात बारकीचं बाळ होतं. आज बाळाचं पोट दुखत होतं.

"ऊं ऊं ऊं," बाळ रडत होतं.

बारकीने बाळाच्या पोटावरून पाय फिरवला. बेंबीभोवती फिरवला. गोल गोल, गोल गोल. मुंगीला बेंबी असते का? असेल बाबा. आपण कुठे बघितलीय?

बाळ जरासं हसलं. मग पुन्हा रडलं. "ऊं ऊं ऊं!"

"थांब हं सोन्या," बारकी म्हणाली. "ओवा आणते. ओवा खाल्ला की पोट दुखायचं थांबतं."

बारकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

ओट्यावर ओव्याचा एक दाणा पडला होता. काकू डबा उघडत होत्या, तेव्हा सांडलेला. एकच दाणा. पण वास केवढा! बारकीने तो डोक्यावर घेतला. हुप्प!

आणि घराकडे वळली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत उभा होता खल. दगडाचा खल. बाजूला आडवा पडला होता बत्ता. काकू त्यात ओवा कुटायच्या, सुंठ कुटायच्या, वेलची कुटायच्या. पण काल त्यांनी काय कुटलं? लसणाची चटणी. लाल लाल, तेलकट, झणझणीत. आणि खल तसाच ठेवला. न घासता! न पुसता!

खलाला वळसा घालायचा, तर वाट लांब. वरून जायचं, तर वाट जवळ. बाळ तर रडत होतं. बारकी वरूनच निघाली.

चढली, चढली. काठावर आली. आणि पाय सटकला.

सर्रर्र!

बारकी काठाला लटकली. दाणा मात्र आत पडला. टप्प! चटणीत रुतून बसला.

बारकी आत उतरली. दाणा ओढला. हुं! हलेना. पुन्हा ओढला. हुंऽऽ! हलेना. पायांना तिखट झोंबलं. नाकात तिखट गेलं.

"आक्छीं!"

दुसरा दाणा आणावा, तर डब्याला झाकण. मुंगीला झाकण उघडतं का? नाही उघडत. बारकीला रडूच आलं.

ती खलाला म्हणाली,

"खलबाबा, खलबाबा, माझा दाणा सोडा ना!

बाळाचं पोट दुखतंय, काय करू सांगा ना!"

खल म्हणाला, "अगं बारके, मी कशाला धरून ठेवू? माझ्या अंगाला चटणी लागलीय. बारीक बारीक छिद्रांत जाऊन बसलीय. नुसत्या पाण्याने ती निघत नाही. बत्त्याला सांग. त्याने घासलं, की मी सुटलो आणि तुझा दाणाही सुटला. बत्ता नाही, तर दाणा नाही!"

बारकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली बत्त्याकडे.

"बत्तेदादा, बत्तेदादा, जरा फिरा ना!

खल दाणा सोडेना.

बाळाचं पोट दुखतंय, काय करू सांगा ना!"

बत्ता म्हणाला, "फिरलो असतो गं. पण रिकाम्या खलात कसा फिरू? मी दगड, तो दगड. मी झिजेन, तो झिजेल, आणि सगळ्यांच्या खाण्यात कचकच येईल. मध्ये मूठभर तांदूळ लागतो. तांदूळ चटणी पुसून घेतो. तांदूळ नाही, तर फिरणं नाही!"

बारकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

तांदूळ कुठे होता? खिडकीखाली, पंच्यावर पसरलेला. काकूंनी सकाळीच धुतला होता, घावनांच्या पिठासाठी. पांढराशुभ्र, गारेगार. अंगावर अजून पाणी चमकत होतं. तांदूळराव मजेत लोळत होते.

"तांदूळराव, तांदूळराव, खलात चला ना!

बत्ता फिरेना,

खल दाणा सोडेना.

बाळाचं पोट दुखतंय, काय करू सांगा ना!"

तांदूळ म्हणाला, "आलो असतो गं बाई. पण मी ओला आहे. ओला आलो, तर मीच खलाला चिकटेन. मग मला कोण काढणार? मला ऊन लागतं. कोरडा झालो, की खुळखुळ खुळखुळ येतो. ऊन नाही, तर वाळणं नाही!"

बारकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. खिडकीच्या फटीतून बाहेर गेली.

बाहेर ऊन होतं. किती होतं! भिंतीवर होतं, कुंडीवर होतं, वाळत घातलेल्या झबल्यांवर होतं.

"उन्हा, उन्हा, आत ये ना!

तांदूळ वाळेना,

बत्ता फिरेना,

खल दाणा सोडेना.

बाळाचं पोट दुखतंय, काय करू सांगा ना!"

ऊन म्हणालं, "सकाळपासून दारात उभं आहे गं मी! पण खिडकी बघ. खिडकी एवढीशी. आणि खिडकीत कोण बसलंय?"

बारकीने वर बघितलं. खिडकीत बसली होती भुरी. भुरी मांजर. खिडकी लहान आणि मांजर मोठी. या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसती भुरीच भुरी!

"ती उठली, की मी आत. वाट नाही, तर येणं नाही!"

बारकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. चढली खिडकीत. भुरीच्या शेपटीवर चढली. पाठीवर चढली. कानाशी गेली.

"भुरीमावशी, भुरीमावशी, जरा हला ना!

ऊन आत येईना,

तांदूळ वाळेना,

बत्ता फिरेना,

खल दाणा सोडेना.

बाळाचं पोट दुखतंय, काय करू सांगा ना!"

भुरीने एक डोळा उघडला. मग मिटला.

"मावशी!"

भुरीने दुसरा डोळा उघडला. तोही मिटला.

"मावशीऽऽ!"

"म्यांव! काय कटकट आहे गं!" भुरी म्हणाली. "सकाळपासून उपाशी आहे मी. ती बघ माझी वाटी. रिकामी! रोज काकू दूध घालतात. आज घातलंच नाही. म्हणून मी रुसलेय. दूध नाही, तर हलणं नाही!"

आणि तिने तोंड फिरवलं. रुसलेल्या मांजरीशी कोण बोलणार?

बारकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दूध होतं ओट्यावर, पातेल्यात. वर जाळीचं झाकण.

"दूधबाई, दूधबाई, वाटीत या ना!

भुरी हलेना,

ऊन आत येईना,

तांदूळ वाळेना,

बत्ता फिरेना,

खल दाणा सोडेना.

बाळाचं पोट दुखतंय, काय करू सांगा ना!"

दूध म्हणालं, "मला पाय आहेत का गं? काकू ओततील, तेव्हा मी वाटीत जाईन. माझी मी निघाले, तर ओटाभर होईन! काकू नाहीत, तर वाटी नाही!"

बारकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आता तिचे पाय दुखायला लागले होते. सगळेच्या सगळे दुखायला लागले होते. पण फटीतून आवाज येत होता, "ऊं ऊं ऊं." मग ती थांबते कशाला?

शेवंताकाकू बसल्या होत्या दाराशी, चटईवर. मांडीवर गोजी होती. गोजी कोण? काकूंची छोटी मुलगी. दोन दात वर, दोन दात खाली. ती रडत होती.

"भ्यांऽऽऽ! भ्यांऽऽऽ!"

काकू तिला झुलवत होत्या. "उगी, उगी गं माझी बाय. उगी."

बारकी काकूंच्या पदरावर चढली.

"काकू, काकू, जरा उठा ना!

दूध वाटीत येईना,

भुरी हलेना,

ऊन आत येईना,

तांदूळ वाळेना,

बत्ता फिरेना,

खल दाणा सोडेना.

बाळाचं पोट दुखतंय, काय करू सांगा ना!"

काकूंनी खाली बघितलं. "अगं बाई, बारके! तुझ्याही बाळाचं पोट दुखतंय? माझ्या गोजीचंही तेच गं. सकाळी ओवा घेतला कुटायला. आणि घाईघाईत टाकला त्या खलात. कालच्या चटणीच्या खलात! पाणी केलं. नशीब, आधी स्वतः चाखलं. हाय हाय! जिभेला नुसता चटका. ते पोरीला कसं देऊ? दिलं ओतून. चुकलंच माझं. खल तेव्हाच घासायला हवा होता."

"मग आता घासा ना काकू!"

"घासते की. पण हिला खाली ठेवलं, की ही आकांत करते. बघ."

काकूंनी गोजीला खाली ठेवलं.

"भ्यांऽऽऽऽऽ!"

काकूंनी तिला पटकन उचललं. "बघितलंस? गोजी गप्प नाही, तर उठणं नाही!"

बारकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. लांब कुठे जायचं नव्हतं. पदरावरून गोजीच्या झबल्यावर.

"गोजीताई, गोजीताई, गप्प बसा ना!

काकू उठेनात,

दूध वाटीत येईना,

भुरी हलेना,

ऊन आत येईना,

तांदूळ वाळेना,

बत्ता फिरेना,

खल दाणा सोडेना.

बाळाचं पोट दुखतंय, काय करू सांगा ना!"

गोजी म्हणाली, "पोत! पोत दुखतं! ओवा दे. ओवा नाही, तर गप्प नाही! भ्यांऽऽऽ!"

ओवा?

बारकी तिथेच बसली.

ओवा कुटायचा, तर खल साफ हवा. खल साफ करायचा, तर बत्ता फिरायला हवा. बत्त्याला तांदूळ हवा, तांदळाला ऊन हवं, उन्हाला वाट हवी, भुरीला दूध हवं, दुधाला काकू हव्यात. आणि काकूंना गोजी गप्प हवी. आणि गोजीला काय हवं? ओवा!

गोल फिरून बारकी पुन्हा खलापाशीच आली की!

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नव्हतं. इकडे गोजी रडत होती. भ्यां भ्यां. तिकडे फटीत बाळ रडत होतं. ऊं ऊं. बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मुंगीच्या डोळ्यांत पाणी किती येणार? पण आलं.

बारकीने डोळे पुसले. गोजीकडे बघितलं. गोजीचं झबलं वर सरकलं होतं. गोल गोल पोट दिसत होतं. मधोमध बेंबी होती.

"हिचं पण पोट. माझ्या बाळाचं पण पोट," बारकी मनात म्हणाली.

ती उतरली गोजीच्या पोटावर. आणि चालायला लागली. बेंबीभोवती चालली. अगदी हळू. गोल गोल, गोल गोल.

गोजीचा हात वर गेला. केवढा मोठा हात! बारकीवर त्याची सावली पडली. आता खाली येणार. आता थाप बसणार!

"गोजे, हळू!" काकू म्हणाल्या. "मारू नकोस हं. ती तुझं पोट चोळतेय."

बारकी पळाली का? नाही पळाली. तिला भीती वाटली. खूप वाटली. पण ती चालतच राहिली. गोल गोल, गोल गोल.

हात हवेतच थांबला.

गोजीने खाली बघितलं. पोटावर काहीतरी वळवळत होतं. गुदगुल्या करत होतं.

"भ्यां..." गोजी म्हणाली. मग थांबली.

"खी!"

काय? पुन्हा एकदा बघ.

"खी! खी खी! खी खी खी!"

गोजी हसली!

गोजी हसली, तशा काकू उठल्या. गोजीला घेतलं कडेवर. गोजीच्या बोटावर बसली बारकी.

काकू उठल्या, तसं दूध वाटीत आलं. धुळधुळ धुळधुळ.

दूध वाटीत आलं, तशी भुरी हलली. हलली कसली, उडीच मारली. धप्प! लप लप लप लप. रुसवा कुठच्या कुठे पळाला.

भुरी हलली, तसं ऊन आत आलं. खिडकीतून घरंगळत आलं. पंचाभर पसरलं.

ऊन आत आलं, तसा तांदूळ वाळायला लागला.

"वाळलात का?" बारकीने विचारलं.

"नाही अजून."

"वाळलात का?"

"थांब की गं!"

"आता?"

तांदूळराव या कुशीवरून त्या कुशीवर झाले. काकूंनी हात फिरवला. खुळखुळ खुळखुळ!

"वाळलो!"

तांदूळ वाळला, तसा काकूंनी मूठभर उचलला. खलात टाकला. बत्ता हातात घेतला.

"काकू! काकू! हळू हं!" बारकी ओरडली. "आत माझा दाणा आहे! कुटू नका त्याला!"

"कुटत नाही गं," काकू म्हणाल्या. "नुसता फिरवते. काठाकाठाने."

बत्ता फिरला. घर्र घर्र, घर्र घर्र. पांढरा तांदूळ गुलाबी झाला. गुलाबीचा लाल झाला. चटणी सुटायला लागली.

"आहाहा!" खल म्हणाला. "कालपासून नुसती आग होत होती अंगाची. अजून घासा, अजून!"

घर्र घर्र, घर्र घर्र.

टुणुक!

दाणा सुटला! उडाला, आणि आला बाहेर.

"दाना!" गोजी म्हणाली.

"माझा दाणा!" बारकी म्हणाली. धावली, धरला, उचलला. आणि...

"आक्छीं!"

दाणा लालभडक झाला होता. अंगभर तिखट लागलं होतं त्याला.

बारकीने दाणा खाली ठेवला. "असा दाणा बाळाला कसा देऊ? बाळाचं तोंड भाजेल की!" इतकी फिरली, इतकी दमली, आणि दाणा तिखट. तिला पुन्हा रडू यायला लागलं.

काकू खाली वाकल्या. "रडू नकोस गं बारके. जरा थांब. माझा खल होऊ दे साफ. मग बघ."

काकूंनी लाल तांदूळ काढून टाकला. नवा मूठभर घेतला. आता दाणा बाहेर होता. आता भीती कशाची? बत्ता उचलला आणि हाणला. धम् धम्, धम् धम्! तांदळाचं पीठ झालं. पीठ बघितलं. अजून जरा लाल. ते काढलं, पुन्हा तांदूळ घातला. धम् धम्, धम् धम्! आता पीठ कसं निघालं? पांढरं!

काकूंनी खलात नाक घातलं. मोठ्ठा वास घेतला.

"गेला लसूण!"

गोजीनेही खलात नाक घातलं. तिच्या नाकाला पीठ लागलं. पांढरं पांढरं नाक घेऊन ती हसत बसली. खी खी!

मग काकूंनी घेतलं साधं पाणी आणि नारळाचा काथ्या. खसखस खसखस. साबण नाही हं लावला. दगड साबण पिऊन टाकतो. मग ओव्याला साबणाचा वास येतो. कोण पिणार असला फेसाचा ओवा?

खल धुतला. बत्ता धुतला. फडक्याने पुसला. आणि ठेवला खिडकीत, उन्हात, पालथा.

भुरी मिशा चाटत आली. "म्यांव! ही माझी जागा!"

"आज खलाची आहे," काकू म्हणाल्या. "तू सरक जरा."

भुरी सरकली. दूध प्यायली होती ना, म्हणून.

खल वाळला. स्वच्छ, कोरडा, खरखरीत. काकूंनी ओव्याचा डबा उघडला. चिमूटभर ओवा खलात टाकला.

टक् टक्, टक् टक्.

घरभर वास सुटला. ओव्याचा. नुसता ओव्याचा!

त्यातला ओवा काकूंनी पाण्यात टाकला. पाणी उकळलं, गाळलं, कोमट झालं. आधी काकूंनी चाखलं. मग चमचाभर गोजीला दिलं. गोजीने तोंड वाकडं केलं. मग सरळ केलं. मग चमचाच धरून ठेवला.

जरा वेळ झाला. मग आवाज आला.

पुर्रऽऽऽ!

कोण ते? भुरी? नाही. बत्ता? नाही. गोजी! आणि गोजीच सगळ्यांत जास्त हसली. पोट कसं हलकं झालं.

तेवढ्यात खलाने हाक मारली, "बारके, ए बारके! इकडे ये गं."

बारकी काठावर गेली. या वेळी पाय जपून टाकला. आत बघितलं. तळाशी ओव्याची भुकटी राहिली होती. मऊ मऊ, बारीक बारीक.

"तुझा दाणा माझ्यात पडला," खल म्हणाला. "तिखट झाला. दाण्याच्या बदली ही घे. तुझ्या बाळाला दात आहेत का गं?"

"नाहीत हो अजून," बारकी म्हणाली.

"मग कडक दाणा त्याने चावला असता कसा? ही भुकटी मऊ आहे. सगळी तुझी."

सगळी! तिने खलाच्या काठाला एक पापी दिली. एवढीशी. खलाला ती बरोबर कळली.

"गोजे, बोट लाव बघू," काकू म्हणाल्या.

गोजीने खलात बोट घातलं. बोटाला भुकटी लागली. काकूंनी तिला ओट्यामागच्या फटीशी नेलं. तिने मोहरीएवढ्या दाराशी बोट टेकवलं. अलगद. थोडी भुकटी सांडली, थोडी दारात पडली. दारात पडली तीच खूप होती.

"बालाला," गोजी म्हणाली.

बारकी आत गेली. बाळाला ओवा दिला. बाळाने चाटला. पुन्हा चाटला. मग एक आवाज आला. पुर्र! मुंगीएवढाच, पण आला.

बाळाचं पोट दुखायचं थांबलं.

त्या दिवसापासून काकूंचं ठरलं. चटणी कुटली, की लगेच खलात तांदूळ. मग पाणी, मग फडकं, मग ऊन. चटणीचा खल कधी तसाच राहिला नाही. एखाद्या दिवशी काकू विसरल्याच, तर गोजी खलाकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "आक्छीं!"

आणि बारकीचं बाळ? त्या दिवशी ओवा चाटून ते बारकीच्या कुशीत शिरलं होतं.

"आई, तू इतका वेळ कुठे होतीस?"

"सांगते हं," बारकी म्हणाली. ती बाळाच्या पोटावरून पाय फिरवत होती. गोल गोल, गोल गोल.

"गोजी गप्प बसेना,

काकू उठेनात,

दूध वाटीत येईना,

भुरी हलेना,

ऊन आत येई..."

बारकीने वाकून बघितलं. बाळ झोपलं होतं.

बारकी तरी पाय फिरवत राहिली.

आता तुझं पोट बघू. बेंबी कुठे आहे? ही काय! गोल गोल, गोल गोल. गोल गोल, गोल गोल...